समाजकार्याच्या विद्यार्थ्याला सामाजिक न्याय किती कळला, हे तपासायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क बघताना विद्यार्थी, पालक, एजन्सीतले (म्हणजे विद्यार्थी जिथं प्रत्यक्ष काम शिकायला जातात त्या संस्थांतले) पर्यवेक्षक आणि नव्यानं रुजू झालेले सहकारी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केलंय. ही विद्यापीठाची नियमावली नाही. बऱ्याच ठिकाणी माझं मत आलंय आणि ते मत म्हणूनच वाचावं.

पेपरात सामाजिक न्यायावर प्रश्न असतोच. मग वेगळं काय तपासायचं?

पेपरातून वाचन कळतं. अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता नष्ट केली, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ चा, हे विद्यार्थी बिनचूक लिहितो. तोच दुसऱ्या दिवशी वस्तीवर जातो आणि रिपोर्टात लिहितो, ‘येथील लोक अशिक्षित व व्यसनी असून त्यांना शिक्षणाचे महत्त्व पटत नाही.’ अक्षर एकच, माणूस एकच. पेपरानं जे मोजलं ते खोटं नव्हतं, पण वस्तीवर जे लागतं ते त्यात आलंच नाही.

समाजकार्याची जी जागतिक व्याख्या २०१४ साली मेलबर्नमध्ये मान्य झाली, तिच्यात सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि वैविध्याचा आदर ही तत्त्वं या व्यवसायाच्या केंद्रस्थानी आहेत असं म्हटलंय. जे केंद्रस्थानी आहे ते एका युनिटच्या दहा गुणांत बसवून मोकळं होता येत नाही.

‘वैविध्य’ म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता?

अमेरिकेत छापलेलं पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर वंश येतो. तिथं ते बरोबरच आहे. आपल्याकडं पहिल्या पानावर जात येणार, आणि ती एकटी येत नाही.

सांगली जिल्ह्याचंच बघा. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत जातात, आणि ‘मूल अभ्यासात मागे’ असा शेरा भाषेमुळं पडला की आणखी कशामुळं, हे कुणी बघत नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांच्या गल्ल्या आहेत आणि थोड्या अंतरावर दवाखान्यांच्या रांगा. त्या दवाखान्यांत कर्नाटकातून आलेला पेशंट आणि त्याच्यासोबत फुटपाथवर झोपणारे नातेवाईक असतात. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेर पालं टाकून राहणारे भटके-विमुक्त आहेत. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ ला आला तेव्हा पाणी सगळ्यांच्याच घरात शिरलं, पण घरमालक, भाडेकरू, झोपडीत राहणारी विधवा आणि दहा म्हशी असलेला शेतकरी यांचं नुकसान एकाच पंचनाम्यात मावत नव्हतं.

किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये मांडलं की भेदभावाच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि छेदाच्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाचा अनुभव दोन्ही रेषांहून वेगळा असतो. त्यांचा विषय होता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कामगार स्त्रिया. आपल्या विद्यार्थ्यानं हे वाचलंय का, यापेक्षा ऊस तोडणाऱ्या गरोदर बाईकडं बघताना त्याला ती कामगार, बाई, परगावची आणि अमुक जातीची अशी एकाच वेळी दिसते का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

म्हणजे तुम्ही मुलांची मतं तपासता? आमच्या मुलाचं आरक्षणाबद्दल मत वेगळं आहे, त्याचे गुण जाणार का?

नाही. हा प्रश्न पालकांकडून येतो आणि विद्यार्थ्यांच्या मनात असतो, म्हणून स्पष्टच सांगते. मताला गुण नाहीत आणि मतासाठी गुण कापणं नाही. आरक्षणाच्या बाजूनं लिहिलेला उथळ निबंधही कमी गुण घेतो. बघायचं ते एवढंच, की दावा केला तर त्याला आधार दिला का, आणि समोरच्याची बाजू अशी मांडली का, की ती वाचून समोरचा म्हणेल, ‘हो, माझं म्हणणं हेच आहे.’ ही दुसरी कसोटी फार कठीण असते. दोन्हीकडच्या मुलांना.

मात्र वागणं ही वेगळी गोष्ट. वस्तीवर पाणी दिलं आणि विद्यार्थ्यानं ठराविक घरातलंच घेतलं, तर ते ‘वैयक्तिक मत’ राहत नाही. ज्या घरी तो सेवा द्यायला गेला त्या घराला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

एक प्रश्नावली जूनमध्ये, तीच मार्चमध्ये. फरक काढला की झालं ना?

सगळ्यांना हाच मार्ग आधी सुचतो, कारण आकडा हातात येतो आणि आकडा तक्त्यात भरता येतो. पण या विषयात प्रश्नावली फार लवकर फसते.

पहिलं कारण, माणूस बरं दिसणारं उत्तर देतो. क्राउन आणि मार्लो या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ही प्रवृत्ती मोजायची स्वतंत्र मोजपट्टीच केली. ‘मी सर्व जातिधर्मांच्या लोकांना समान मानतो’ या वाक्यासमोर समाजकार्याचा विद्यार्थी ‘असहमत’ कशाला लिहील? तो काही खुळा नाही. गुण देणारा समोर बसलाय हे त्याला दिसतं.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. शिकल्यामुळं माणसाची स्वतःकडं बघायची पट्टीच बदलते. जूनमध्ये विद्यार्थी वरच्या वाक्याला पाचपैकी पाच देतो, मनापासून. वर्षभरात त्याच्या लक्षात येतं की आपल्या गल्लीत, आपल्या मित्रांत, आपल्या लग्नकार्यांत एकाच प्रकारची माणसं आहेत. मार्चमध्ये तो प्रामाणिकपणे तीन देतो. तक्ता सांगतो, घसरण. खरं तर तो शिकला. जॉर्ज हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास हा घोळ दाखवून दिला आणि त्यावर उपाय म्हणून शेवटी एकदाच दोन उत्तरं घ्यावीत असं सुचवलं: आज तुम्ही कुठं आहात, आणि आज मागं वळून बघता जूनमध्ये खरे कुठं होता. या उपायातही खोट आहेच. प्रगती दाखवायचा मोह आठवणीलाही होतो.

तिसरं, वर्गात मुलं किती? पंचवीस-तीस. दोघं गैरहजर राहिली तरी सरासरी हलते. आणि परदेशी मोजपट्टीतल्या ‘वंश’ या शब्दाच्या जागी ‘जात’ घातली म्हणजे ती आपली होत नाही. तिथली वाक्यं ज्या अनुभवातून आली, तो अनुभवच इथं वेगळा आहे.

सांगलीच्या बाजारात हळद घेणारा हळकुंड मोडून आतला रंग बघतो. प्रश्नावली म्हणजे हळकुंड न मोडता लावलेला भाव. म्हणून मी ती टाकून देत नाही, पण नाव न लिहिता भरून घेते, वर्गातल्या चर्चेला वापरते आणि गुणांपासून लांब ठेवते.

परदेशात हे कसं करतात?

अमेरिकेचं सांगते, कारण तिथली पद्धत लिखित आणि सक्तीची आहे. तिथं समाजकार्य शिक्षणाची परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि विद्यार्थ्यात कोणत्या क्षमता यायला हव्यात ते ठरवून देते. २०१५ च्या मानकांत अशा नऊ क्षमता होत्या. एक वैविध्य आणि वेगळेपणासह काम करण्याची, दुसरी मानवी हक्क आणि सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय न्याय पुढं नेण्याची. २०२२ मध्ये मानकं बदलली तेव्हा वंशभेदविरोध हा शब्द त्यात उघडपणे आला.

त्यातला घेण्यासारखा नियम असा: प्रत्येक क्षमता किमान दोन मार्गांनी तपासायची, आणि त्यातला एक मार्ग प्रत्यक्ष किंवा हुबेहूब उभ्या केलेल्या कामाच्या प्रसंगातला असला पाहिजे. म्हणजे नुसता पेपर चालत नाही. शिवाय ज्ञान आणि कौशल्याबरोबर मूल्यं आणि विचार-भावनांची प्रक्रियाही बघायची असते. संस्थेनं निकाल लोकांसमोर ठेवायचे असतात, हेही मला आवडतं.

न घेण्यासारखं म्हणजे ‘क्षमता’ या शब्दातून येणारा आव, की एकदा मिळाली म्हणजे झालं. मेलनी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये याला आक्षेप घेतला होता. दुसऱ्याची संस्कृती कुणी पुरती आत्मसात करत नसतो, आयुष्यभर स्वतःकडं बघत राहणं आणि समोरच्याकडून शिकायची नम्रता ठेवणं एवढंच हातात असतं, असं त्यांचं म्हणणं. पारधी समाजावर एक लेक्चर ऐकून ‘मला पारधी समाज माहीत आहे’ म्हणणारा विद्यार्थी मला काहीच माहीत नसलेल्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

मग तुम्ही कशावरून ठरवता?

मुख्यतः फिल्डवर्कच्या रिपोर्टांवरून. एका रिपोर्टावरून नव्हे, तर त्याच विद्यार्थ्याचे वेगवेगळ्या महिन्यांतले रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून. नमुन्यासाठी दोन उतारे रचून देते.

नोव्हेंबर: ‘आज ऊसतोड कामगारांच्या कोप्यांना भेट दिली. मुले शाळेत जात नाहीत असे आढळले. पालकांना शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगितले. पालकांनी सहकार्य केले नाही.’

फेब्रुवारी: ‘टोळी पहाटेच फडात जाते, म्हणून संध्याकाळी गेलो. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते. ती शाळेत गेली तर आईला फडात जाता येत नाही, आणि उचल नवरा-बायको दोघांच्या कोयत्यावर घेतलेली आहे. मी मागे महत्त्व सांगत होतो तेव्हा त्या गप्प होत्या. आज विचारलं, मुलीला शाळेत पाठवायचं तर काय लागेल? म्हणाल्या, बारक्याला कुणीतरी बघाय पायजे. अंगणवाडीच्या ताईंना भेटलो. बाहेरगावची मुलं घ्यायची का, याबद्दल त्यांनाच खात्री नव्हती. उद्या पर्यवेक्षिका बाईंना भेटणार आहे.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘शोषण’, ‘संरचना’, ‘परिघ’ यातला एकही शब्द नाही. तरी व्यवस्था त्यात दिसते. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दिसते, ती देणाऱ्या मुकादमाचं नाव न घेता मुकादम दिसतो, अंगणवाडीची दारं दिसतात. आणि विद्यार्थ्यानं जायची वेळ बदलली. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा पुरावा तोच.

नवीन सहकाऱ्यांना मी एक सोपी युक्ती सांगते. रिपोर्टातल्या फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. ‘सांगितले, समजावले, मार्गदर्शन केले, प्रबोधन केले’ अशीच रांग असेल, तर विद्यार्थी अजून वस्तीच्या वर उभा आहे. ‘विचारलं, थांबलो, पुन्हा गेलो, शोधलं’ यायला लागलं की काहीतरी हललं. ही युक्ती मुलांना कळली की तीही क्रियापदं बदलून लिहितात, हे खरं. मग आयसीत, म्हणजे एकेकट्याशी बोलताना, ‘पुन्हा गेलास तेव्हा दारात कोण होतं?’ असं विचारावं लागतं.

निकषांचा तक्ता कसा असतो?

चार पायऱ्यांचा. पहिल्या पायरीवर विद्यार्थ्याला फक्त व्यक्ती दिसते: बाप दारू पितो, म्हणून घर असं. दुसरीवर गट दिसतो, बहुतेकदा शिक्क्यासकट: ‘या समाजात असंच असतं.’ तिसरीवर नियम, पैसा, इतिहास आणि सत्ता दिसायला लागते. चौथीवर त्या सगळ्यात आपण स्वतः कुठं उभे आहोत हे दिसतं आणि त्यामुळं कामाची पद्धत बदलते.

दुसरी पायरी पहिलीपेक्षा वरची का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. कधीकधी ती खालचीच असते. तक्ता छापील असला तरी मुलं जिन्यानं चढत नाहीत. लिंगभावाबाबत चौथीवर असलेली मुलगी अपंगत्वाबाबत पहिलीवर असू शकते. म्हणून एकच आकडा न देता विषयवार शेरा लिहावा लागतो. वेळ जातो. पर्याय नाही.

उभ्या केलेल्या प्रसंगांतून परीक्षा घेता येते का?

येते. वैद्यकीय शिक्षणात रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत अशी परीक्षा मांडली: ठरलेला प्रसंग, ठरलेला वेळ, पेशंटची भूमिका करणारा माणूस, निकषांवर गुण. टोरोंटोत मॅरियन बोगो आणि सहकाऱ्यांनी ती समाजकार्याला लावली. त्यांची खरी भर अशी की प्रसंग संपल्यावर विद्यार्थ्याला लगेच विचारायचं: तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, हेच का विचारलंस, पुन्हा केलंस तर काय बदलशील? पुष्कळदा प्रसंगापेक्षा त्यानंतरच्या या बोलण्यातून जास्त कळतं.

आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ याच सांगलीत केलं. नट मिळत नाहीत ही सबब इथं चालायची नाही.

प्रसंग साधे घ्यावेत. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायला आलेली बाई आणि तिच्याबरोबर आलेला, सगळं स्वतःच बोलणारा दीर. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नूतनीकरणाला आलेला, ऐकू न येणारा तरुण. विद्यार्थी त्याच्याशी बोलतो की त्याच्या आईशी? तक्रार घ्यायला टाळाटाळ करणारा ठाणे अंमलदार.

एक पथ्य मात्र कडक. दलित विद्यार्थ्याला अपमान सोसणाऱ्याची आणि मुस्लिम विद्यार्थ्याला संशयिताची भूमिका द्यायची नाही. वर्गाच्या शिक्षणासाठी कुणी आपली जखम पुन्हा उघडून दाखवावी, अशी अपेक्षा ठेवायचा अधिकार शिक्षकाला नाही.

स्वतःची जात, धर्म किंवा लैंगिक ओळख सांगावी लागते का?

अजिबात नाही. चिंतनवहीत, म्हणजे फिल्डवर्कबद्दलचे स्वतःचे विचार लिहायच्या वहीत, कुणी आपणहून लिहिलं तर ते लिहिणाऱ्याचं. त्याला गुण नाहीत, न लिहिल्याबद्दल वजावट नाही, आणि वही मार्गदर्शकाखेरीज कुणी वाचत नाही.

याच्याशी जोडलेली एक अडचण बोलली जात नाही. आपण ‘बदल’ मोजायला लागलो की ज्याच्यात बदलायला जास्त वाव, त्याला जास्त गुण मिळतात. सुखवस्तू घरातला मुलगा पहिल्यांदा वस्ती बघतो, हादरतो, पानभर लिहितो. आपण खूश होऊन चौथी पायरी देतो. जी मुलगी त्याच वस्तीतून आली, तिनं हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं असतं. तिच्या वहीत हादरणं नसतं. ‘चिंतनात खोली नाही’ असा शेरा तिच्या वाट्याला येतो! हा मूल्यमापनाचा दोष आहे, मुलीचा नाही.

त्यामुळं तिला वेगळं विचारावं लागतं. आपला अनुभव आणि शेजारच्या घराचा अनुभव यात ती फरक करते का? आपल्याच समाजातल्या बाईबद्दल, अपंगाबद्दल, तृतीयपंथी माणसाबद्दल ती काय बघते? जे माहीत आहे ते अर्जात, बैठकीत, ग्रामसभेत मांडता येतं का? अनुभव हे भांडवल आहे, पण त्यातून काम उभं करणं तिलाही शिकावंच लागतं.

चांगली भाषा असलेल्यांनाच गुण मिळतात, खरं का?

बऱ्याच ठिकाणी, हो. छापील मराठी सफाईनं लिहिणारा विद्यार्थी समज नसतानाही समजूतदार वाटतो. म्हणून रिपोर्ट घरच्या बोलीत लिहायला हरकत नाही, तोंडी सांगायलाही नाही, आणि जतकडच्या मुलानं मधे कन्नड वाक्य जसंच्या तसं टिपलं तर ते खोडायचं नाही. शंका आली तर अवजड शब्द झाकून उतारा वाचावा. मागं काही उरलं तर समज आहे.

एजन्सीतल्या पर्यवेक्षकाचं मत किती धरायचं?

धरायचं, पण फॉर्म बदलून. ‘विद्यार्थी वैविध्याचा आदर करतो का? उत्तम / चांगला / साधारण’ असं विचारलं की सगळे ‘उत्तम’ होतात, कारण मुलगा वेळेवर येतो आणि पोस्टर चांगली रंगवतो. त्याऐवजी घडलेलं विचारावं: कुणाशी बोलायचं त्यानं टाळलं का, कुणाच्या बाजूनं तुमच्याशी वाद घातला का, कधी? शिवाय तोच रिपोर्ट कॉलेजच्या मार्गदर्शकानं आणि पर्यवेक्षकानं एकमेकांना न विचारता तपासावा आणि मग समोरासमोर बसावं. जिथं दोघांत दोन पायऱ्यांचा फरक पडतो, तिथं बहुधा विद्यार्थ्याइतकीच आमचीही परीक्षा असते.

वस्तीतल्या लोकांना विचारता का?

विचारलंच पाहिजे, आणि याबाबतीत सांगलीला बाहेरून शिकायची गरज नाही. इथल्या धंदा करणाऱ्या बायकांनी १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. आपल्यासाठी दुसऱ्यानं बोलावं हे या संघटनेनं नाकारलं. एड्सच्या कामात कंडोम वाटण्यापासून पोलिसांशी बोलण्यापर्यंत बायका स्वतः उभ्या राहिल्या. ‘यांची सुटका करायची’ असं मनात धरून येणाऱ्या विद्यार्थ्याला अशा बायका दोन प्रश्नांत उघडं पाडतात. ते आमच्या कुठल्याही व्हायव्हापेक्षा चोख असतं.

पण वस्तीला फॉर्म भरायला लावू नये. मुलाचं नुकसान होईल म्हणून लोक चांगलंच सांगतात. आपली माणसं फार भिडस्त. वर्षाच्या शेवटी, विद्यार्थी नसताना, एवढं विचारलं तरी पुरतं: पुढच्या वर्षी हाच पोरगा आला तर चालेल का, की दुसरा पाठवू? उत्तराआधी जो थांबा येतो तोही ऐकायचा.

ग्रामीण कॅम्पमध्ये याचे गुण असतात का?

भाषणांना नसतात. भाकरी कोण थापतं, संडास कोण धुतं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं आणि गावातल्या कुठल्या वाड्यावस्त्यांवर फेरी गेलीच नाही, हे बघितलं जातं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, जेवत आणि काम करत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. शंभर वर्षांनी आपल्या कॅम्पात मुली भाकऱ्या करतात आणि मुलगे माइकची जोडणी करतात, तर कॅम्पाचे गुण नेमके कुणाचे कापायचे?

इथल्या इतिहासाचा मूल्यमापनाशी काय संबंध?

बराच. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यात. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. हे मुलांना पाठ असतं, आणि तोच धोका. ‘आपल्याला फुले-शाहू-आंबेडकरांचा वारसा आहे’ हे वाक्य पुष्कळदा ढालीसारखं येतं: वारसा आहे म्हणजे आपल्याकडं भेदभाव नसणारच!

म्हणून इतिहास प्रश्नाच्या रूपात द्यावा. खानापूर तालुक्यात ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीनं येरळेवर बळीराजा धरणाचं काम लोकांच्या बळावर उभं केलं आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी धरली. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा, असा तिचा अर्थ. विद्यार्थ्याला विचारायचं: ज्याच्याकडं जमीन नाही त्याला पाणी कशाला? या एका प्रश्नावर जे उत्तर येतं त्यातून न्यायाची कल्पना किती खोल गेलीय ते कळतं. ‘गरजेनुसार द्यावे’ एवढ्यावर थांबणारे असतात. भूमिहीन बाई तो वाटा देऊन दुसऱ्याची जमीन कसायला घेऊ शकते, म्हणजे पाण्याचा हक्क तिला सौदा करायची ताकद देतो, इथपर्यंत जाणारेही असतात.

दुसरा प्रश्न पारध्यांचा. रिपोर्टात ‘या समाजात गुन्हेगारी जास्त’ आलं की विद्यार्थ्याला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापाशी न्यायचं. जन्मानं गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ ला रद्द झाला. मग पोलिसांच्या नोंदीतला आकडा गुन्ह्यांचा की संशयाचा, हे त्यानंच शोधावं.

कायदे येतात की नाही, हे कसं बघता?

कलम न विचारता. एक घर उभं करायचं: जातपंचायतीनं वाळीत टाकलेलं कुटुंब. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, तो लागू होतो हे सांगणं सोपं. पुढचं अवघड: पहिलं दार कुणाचं ठोठवायचं, तक्रार दिल्यावर त्या घराला उद्या सकाळी पिठाची गिरणी दळण देईल का, आणि घरातल्या बाईला तक्रार हवीय की फक्त पुरुषांना? २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला स्त्रीभ्रूणांची विल्हेवाट लावल्याचं उघड झालं, तेव्हा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा होऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. विद्यार्थ्याला कायद्याचं नाव माहीत असणं आणि त्याची कोंडी कुठं होते हे माहीत असणं, यातलं दुसरं मी तपासते.

कुणाला नापास करता?

क्वचित, आणि मतासाठी कधीच नाही. माणसाला इजा पोहोचवल्याबद्दल करते. आजकाल सगळ्यात जास्त भीती व्हॉट्सअॅप स्टेटसची. बालगृहातल्या मुलांबरोबर सेल्फी, एचआयव्ही असलेल्या बाईच्या घरी किट देतानाचा फोटो. पहिल्याला २०१५ चा बाल न्याय कायदा आडवा येतो, दुसऱ्याला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा. आधी लेखी समज, मग दुसरी प्लेसमेंट (फिल्डवर्कसाठी दुसरी संस्था), मग पुन्हा तपासणी. तरीही तेच चाललं तर सत्र पुन्हा करायचं.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी, सीओ-पीओचा (विषयातून आणि अभ्यासक्रमातून काय साध्य झालं याचा) तक्ता भरायचा असतो. हे सगळं त्यात कसं बसवायचं?

पायऱ्यांना आकडे द्या, वर्गातली किती मुलं तिसरीच्या वर गेली ते काढा, रकान्यात भरा. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त तो तक्ता भरून झाल्यावर शिकवायला घेऊ नका.

आणि शिक्षकांना कोण तपासतं?

प्लेसमेंटची यादी काढून बघावी. मुली बालवाडीत आणि कौटुंबिक समुपदेशनात, मुलगे कारागृहात आणि कारखान्यात, मुस्लिम विद्यार्थी मुस्लिम मोहल्ल्यात, दलित विद्यार्थी समाजकल्याणच्या वसतिगृहात, अशी वाटणी ‘सोयीसाठी’ होत असेल तर आपण वर्गात काय शिकवतो याला फार अर्थ राहत नाही. दुसरं, निकाल लागल्यावर गुणांची यादी नावं झाकून वेगवेगळ्या गटांनुसार लावावी. तोंडी परीक्षेत एकाच गटाची मुलं सातत्यानं खाली दिसली, तर कारण शोधायचं काम आमचं. हे विभागाच्या बैठकीत मांडायला जड जातं, म्हणून ते वर्षाच्या वेळापत्रकातच टाकलेलं बरं.

हा निकषांचा तक्ता आम्हाला वापरता येईल का?

येईल, उदाहरणं बदलून. माण-खटावात ऊसतोडीच्या जागी मेंढरं घेऊन फिरणारी धनगर कुटुंबं घ्या. कोयनेच्या बाजूला धरणग्रस्तांची पुनर्वसित गावं आणि त्यांचे जमिनीचे जुने कागद घ्या. मिरजेत दवाखान्याबाहेर झोपणारे नातेवाईक आहेतच. चार पायऱ्यांची वाक्यं मात्र तुमच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या रिपोर्टांतून उचला, आमच्या नव्हे.